पोटात असताना मी काळजी केली, म्हणून मुलगा असा झाला का?

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. एका जागी बूड टेकत नाही, वर्गात उठून फिरतो, वही अर्धी राहते, डबा अर्धा राहतो, बाईंचा निरोप आठवड्यातून दोनदा ठरलेला. त्याच्या आधी एक गर्भपात झाला होता, त्यामुळे याच्या वेळी नऊ महिने जीव टांगणीला होता आणि तो अजून तसाच आहे. मध्यंतरी ‘आईच्या चिंतेमुळे मूल अतिचंचल होतं’ अशी बातमी घरच्या ग्रुपवर आली. सासूबाई म्हणाल्या, “बघ, मी सांगत नव्हते? खाण तशी माती.” आता प्रश्न तीन: हे माझ्यामुळे झालं का? मी काय करू? आणि दुसऱ्या बाळाचा विचार करावा की नाही?

तुमच्यामुळे नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे आणि तोवर तुमचा श्वास अडकून राहायला नको. पुण्यात मुलांच्या मानसोपचाराचं काम करून मला सव्वीस वर्षं झाली. चंचल मुलाला घेऊन आलेल्या आया पहिल्या दहा मिनिटांत “माझं काही चुकलं का हो?” असं विचारतातच. बाबांच्या तोंडून हा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. याचं मला आजही वाईट वाटतं.

बातमीमागचा अभ्यास मात्र खरा आहे, म्हणून तो नीट बघू. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि आसपासच्या भागात १९९१-९२ मध्ये प्रसूतीची तारीख असलेल्या चौदा हजारांहून अधिक गर्भारपणांची नोंद झाली. त्या बायकांना आणि पुढे त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं प्रश्नावल्या पाठवल्या, तपासण्या केल्या. त्यातल्या सुमारे ८,७०० मायलेकरांची माहिती घेऊन डॉ. ब्लांका बोलेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणापासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंतची आईची चिंता पाहिली, आणि तीच मुलं सोळा वर्षांची झाल्यावर त्यांचा चंचलपणा पाहिला. निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत मांडले. कमी चिंता असणाऱ्या आयांच्या शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत अतिचंचलतेची लक्षणं होती. मध्यम किंवा जास्त चिंता असणाऱ्या आयांच्या शंभरामागे साधारण अकरा. बातमीतला ‘दुप्पट धोका’ आला तो इथून.

‘दुप्पट’ वाचलं की पोटात गोळा येतो, माझ्याही आला असता. आता तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. काळजी करणाऱ्या शंभर आयांच्या मुलांपैकी एकोणनव्वद मुलांत ही लक्षणं नव्हती. आणि ज्या फारशी काळजी करत नव्हत्या, त्यांच्याही शंभरातल्या पाच मुलांत ती होतीच. ‘खाण तशी माती’ इतकं सरळ असतं, तर हे आकडे असे आलेच नसते.

बातमीतून आणखी एक गोष्ट गळली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची तीच आहे. यातली सुमारे ३,२०० मुलं साडेआठ वर्षांची असताना त्यांच्या लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यात काळजी करणाऱ्या आणि न करणाऱ्या आयांच्या मुलांत फरक दिसला नाही. म्हणजे आईच्या चिंतेशी नातं दिसलं ते चुळबुळीचं, धावपळीचं. लक्ष न लागण्याचं नाही. आपण ज्याला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा आणि लक्ष न लागण्याचा विकार, म्हणतो त्यात दोन्हींचा विचार होतो. नुसती चुळबूळ मात्र दहा कारणांनी होते, आणि त्यातलं एक म्हणजे मुलाची स्वतःची भीती.

हे फार सुटतं, म्हणून जरा थांबते इथे. मोठं माणूस घाबरलं की गप्प होतं, कोपऱ्यात बसतं. सात वर्षांचं पोर घाबरलं की पळतं, बडबडतं, उड्या मारतं, पाणी प्यायला म्हणून पाच वेळा उठतं. माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा यायचा. शाळेचं म्हणणं, गणिताच्या तासाला अंगात वारं शिरतं. त्याच्याशी तीन-चारदा खेळल्यावर कळलं की पाढा विचारतील या धास्तीने त्याचे तळहात घामेजलेले असायचे आणि नंबर जवळ आला की तो ‘बाई, एक नंबरला जाऊ?’ म्हणून पळ काढायचा. चित्रकलेच्या तासाला तोच मुलगा चाळीस मिनिटं मान वर न करता बसायचा. त्याला चंचलपणाची गोळी देऊन काय झालं असतं? चिंतेचा स्वभाव घराण्यात असतो, आईकडून किंवा बापाकडून मुलाकडे येऊ शकतो. तेव्हा तुमच्या मुलाबाबत मी आधी हे बघेन की त्याची पळापळ दिवसभर, सगळीकडे सारखी आहे, की ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच उसळते.

आता गर्भातल्या गोष्टीकडे येते, कारण तुमच्या मनातला काटा तिथे आहे. आईच्या गर्भारपणातल्या चिंतेचा आणि मुलाच्या वागण्याचा संबंध कावळा बसायला आणि फांदी तुटायला असा निव्वळ योगायोग नाही. याच ब्रिस्टलच्या माहितीवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भारपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात ज्यांची चिंता सगळ्यात जास्त होती त्यांच्या चार वर्षांच्या मुलग्यांत चंचलपणा आणि लक्ष न लागणं जास्त दिसलं. बाळंतपणानंतरची चिंता हिशेबातून वजा केल्यावरही ते नातं उरलं. कारण काय असावं? ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. वारेत (प्लासेंटात) एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्प्रभ करून बाळापर्यंत पोहोचू देत नाही. चिंता जास्त असलेल्या बायकांच्या वारेत त्या विकराचं काम थोडं मंदावलेलं आढळलं आहे. आपल्या पुणेकरांना ही कल्पना नवखी नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आयांचा आणि मुलांचा अभ्यास केला, आणि आईच्या गर्भारपणातल्या पोषणाची खूण मुलाच्या शरीरात पुढे वर्षानुवर्षं दिसते हे त्यातून जगाने पाहिलं. गर्भातले दिवस मोजले जातात, हे खरंच आहे.

पण मोजली जाणारी प्रत्येक गोष्ट निर्णायक नसते. ब्रिटनमध्येच कार्डिफच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक फार हुशारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी टेस्ट ट्यूब बेबी तंत्राने झालेली मुलं घेतली. काहींत बीज आईचं स्वतःचं होतं, काहींत दुसऱ्या स्त्रीने दिलेलं. म्हणजे दुसऱ्या गटात आईने मूल नऊ महिने पोटात वाढवलं, पण रक्ताचा वारसा तिचा नव्हता. गर्भारपणातला ताण थेट गर्भातून चंचलपणा देत असेल तर दोन्ही गटांत नातं दिसायला हवं. एडीएचडीच्या लक्षणांचं नातं दिसलं ते फक्त पहिल्या गटात, जिथे आई आणि मूल रक्ताने जोडलेले होते. याचा अर्थ, निदान या लक्षणांपुरता, ताण आणि चंचलपणा ही दोन्ही बऱ्याच अंशी एकाच मुळाची फळं असावीत, एकामुळे दुसरं असं नव्हे. पुढे २०१३ मध्ये रॉटरडॅम आणि ब्रिस्टल इथल्या मुलांच्या माहितीत बाबांचीही उदासी आणि चिंता मोजली. पोटातूनच परिणाम होत असेल तर आईच्या चिंतेचं नातं बाबांच्या चिंतेपेक्षा ठळक दिसायला हवं. तसा ठाम, सातत्याचा फरक मिळाला नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीमधली आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के धरतात. हा आकडा एकेका मुलाला लावायचा नसतो. मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला एवढा वाटा आनुवंशिक, एवढाच त्याचा अर्थ. पण दिशा त्यातून कळते. म्हणून मी घरातल्या मोठ्यांना नेहमी विचारते, “याचे बाबा लहानपणी कसे होते?” कित्येकदा सासूबाईच हसत सांगतात, “अहो, हा तर याच्याहून वांड! शाळेतून दप्तर विसरून यायचा, मास्तरांनी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.” तुमच्या सासूबाईंनाही विचारून बघा. टोमणा म्हणून नको, खरंच विचारा. त्यांची आठवण निदानाला उपयोगी पडते, आणि विचारलं की माणूस आरोप सोडून आठवणींत शिरतं.

गर्भ झाला, वारसा झाला. तिसरी बाजू रोजची आहे, आणि हात घालता येतो तो तिथेच.

माझ्या खोलीत एक सतरंजी, लाकडी ठोकळे आणि गाड्या आहेत. मायलेकरांना मी दहा मिनिटं खेळायला सांगते आणि बाजूला बसून मोजते. दोन वर्षांपूर्वी कोथरूडहून एक आई आणि सहा वर्षांचा मुलगा आले. त्याने ठोकळ्यांचा पूल करायला घेतला. “पडेल रे. असा नको, मोठा खाली ठेव. हळू. नाक पूस. काकूंना नाव सांगितलंस का? पाय नीट घे. तो निळा कुठे गेला? आधी हा पूर्ण कर.” तिचा उजवा हात सारखा त्याच्या मनगटाच्या दोन बोटं वर तरंगत होता, पूल पडायच्या आधीच सावरायला. दहा मिनिटांत मी बावन्न सूचना मोजल्या. मुलाने सातव्या मिनिटाला पूल स्वतःच लाथेने पाडला आणि दाराकडे पळाला. तिने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी, “बघितलंत?” मी बघितलं होतं, पण तिला वाटत होतं ते नाही. त्या आईत वाईट काहीच नव्हतं. सहा वर्षं रोज काही ना काही पडत आलेलं घर तिने सांभाळलं होतं. तिचा हात तरंगायला शिकला तो याच मुलाच्या पायी.

हे मी उगाच समजूत घालायला म्हणत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९७९ च्या सुमारास चंचल मुलांना एकदा औषध आणि एकदा नुसती दिखाऊ गोळी देऊन मायलेकरांचा खेळ पाहिला. औषधाने मूल शांत झालं, ऐकायला लागलं, तेव्हा आईच्या सूचना आणि नकार आपोआप कमी झाले. आयांना कोणी काही शिकवलं नव्हतं. म्हणजे आईचा धाक आणि घाई हा पुष्कळदा मुलाच्या चंचलपणाचा परिणाम असतो. टाळी एका हाताने वाजत नाही. मूल उसळतं, आई धास्तावते, सूचना वाढतात, मूल आणखी उसळतं. या फिरत्या चक्रात ‘सुरुवात कुणी केली’ याला फारसा अर्थ नसतो. ते थांबवायला कुठून हात घालणं सोपं, एवढंच बघायचं.

चिंतेने नजरही बदलते. १९९४ मधला एक प्रयोग मी आयांना मुद्दाम सांगते. साखर खाल्ली की मुलगा हायपर होतो असं ठाम म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे पस्तीस मुलगे घेतले. सगळ्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की याला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला, त्या त्याच्या जास्त जवळ घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकलं. मुलाच्या पोटात साखर गेलीच नव्हती. तुम्ही चॉकलेट आणि जिलबी बंद केली असेल, तर दातांसाठी ठीक आहे. चंचलपणासाठी त्याचा उपयोग नाही. पण मला यातून दुसरंच सांगायचं आहे. प्रश्नावलीतली ‘सतत अस्वस्थ असतो का?’ ही ओळ आई भरते, आणि धास्तावलेल्या आईला तो प्रत्येक क्षणी पडताना दिसतो. म्हणून निदान एकट्या आईच्या कागदावर कधीच करू नये. बाईंचा कागद हवा, बाबांचा हवा, आणि मुलाला प्रत्यक्ष बघायला हवं.

तर आता काय करायचं. पहिलं, एडीएचडी आहे का हे नीट ठरवून घ्या. लक्षणं घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी हवीत, सहा महिन्यांहून जास्त काळ हवीत, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत आणि त्यामुळे मुलाचं काही अडत असायला हवं. रीलमधली पाच लक्षणं जुळली म्हणजे निदान झालं असं नाही. मुलाचा वाढदिवस कधी असतो? आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरची तारीख धरतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही तीच तारीख आहे, आणि तिथल्या २०१२ च्या अभ्यासात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त मिळालं, मुलींना ७० टक्के. एकाच वर्गात बसलेली ही मुलं. एक दुसऱ्याहून जवळजवळ वर्षाने लहान. लहान असणं हा आजार नाही. तुमचा मुलगा नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

रात्री तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, हे चार रात्री बघा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढून झोप मोडणारी मुलं दिवसा भोवऱ्यासारखी फिरतात. कान तपासून घ्या. मध्येच काही सेकंद शून्यात बघतो आणि मग काही आठवत नाही असं होत असेल तर तेही सांगा. आणि रक्तातलं लोह बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सदुसष्ट मुलांत रक्त कमी आढळलं होतं. चांगल्या घरात, पोळी-भाजी-वरण खाणाऱ्या मुलांतही मला हे दिसतं, आणि लोह कमी असलं की पायांची अस्वस्थता वाढते. बालरोगतज्ज्ञ या तपासण्या एका चिठ्ठीत लिहून देतील. निदानासाठी खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

दुसरं, आणि माझ्या मते याआधीही चाललं असतं, ते म्हणजे तुमची स्वतःची तपासणी. तुम्ही लिहिलं आहे ‘मी आधीपासूनच काळजीखोर’. हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. रात्री तीनला डोळे टक्क उघडतात का? गॅस बंद केला ना, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत जाता का? शाळेच्या नंबरवरून फोन आला की उचलायच्या आधीच हात गार पडतात का? मान-खांदे सतत ताठ, छातीत धडधड, ‘काहीतरी होणार’ असं बहुतेक दिवस, महिनोन्‌महिने? मग तो स्वभाव नाही, तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. गर्भपातानंतरचं गर्भारपण हे भीतीतच जातं, त्यात नवल नाही. बाळ हललं नाही असं वाटून तुम्ही किती रात्री पोटावर हात ठेवून बसला असाल, हे मला कळतं. ती भीती त्या वेळी कुणी विचारली नाही, तिच्यावर इलाज झाला नाही. सात वर्षं ती तशीच घरात राहिली. यात तुमचा गुन्हा कुठला?

मुलासाठी म्हणून नका येऊ उपचाराला. तुमच्यासाठी या. मुलाला फायदा होतोच. उदासीच्या आजाराबाबत अमेरिकेत २००६ मध्ये दाखवलं गेलं की उपचारांनी ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या. ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांच्या वाढल्या. पण ‘मुलासाठी’ म्हणून आलेली आई चार बैठकांत मुलगा सुधारला नाही की येणं बंद करते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. चिंतेसाठी विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती साधारण दहा-पंधरा बैठकांची असते. गरज पडली तर गोळ्या. त्यांची सवय लागेल अशी भीती वाटत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, आणि त्यांना विचारल्याशिवाय थांबवूही नका. घराबाहेर पडणं आज जमत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. २०२२ पासून तो चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिसरं घरातलं. खूप गोष्टी सांगणार नाही, कारण काळजी करणाऱ्या आईला यादी दिली की ती यादीचीच काळजी करते. दोनच करा.

एक, रोज दहा मिनिटं त्याचा खेळ, त्याच्या मनाप्रमाणे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. तुम्ही प्रश्न विचारायचा नाही, सूचना द्यायची नाही, शिकवायचं नाही. फक्त तो करतोय ते बोलायचं: “निळी गाडी वर चढली. अरे, बोगदा केलास.” हे वाचायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. त्या कोथरूडच्या आईला मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, “मॅडम, हात शिवशिवतात.” चौथ्या आठवड्यात पूल पडला. तिने काही केलं नाही. मुलाने तिच्याकडे बघितलं, जरा थांबला आणि पुन्हा बांधायला घेतला.

दोन, सूचना कमी आणि जवळून. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीवर ओरडून दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाली की एकच गोष्ट सांगा, “बूट घाल.” मग मनात पाचपर्यंत मोजा. घातले की लगेच म्हणा, “पहिल्याच वेळी घातलेस.” ‘बूट घाल, डबा घे, बाटली घेतलीस का, व्हॅन येईल’ ही चार डब्यांची आगगाडी सोडली की त्यातला शेवटचा डबा तेवढा त्याला ऐकू येतो. गृहपाठही असाच तोडून: दहा मिनिटं, मग जिना उतरून-चढून यायचा, मग पुन्हा दहा. संध्याकाळी त्याला पळू द्या. तळजाईची टेकडी तुमच्यापासून फार लांब नाही आणि तिथे घेऊन जायचं काम बाबांचं असू द्या. तुम्ही तेवढा वेळ घरी एकट्या बसा, काहीही न करता.

बाईंना भेटाल तेव्हा माफी मागत सुरुवात करू नका. पुढच्या बाकावर बसवा, फळा पुसायला, वह्या वाटायला उठवा, एवढंच मागा. पन्नास मुलांच्या वर्गात उठायला परवानगी असलेलं काम ही अशा मुलाला मोठी सवलत असते, आणि बऱ्याच बाई ती आनंदाने देतात.

औषधांबद्दल थोडक्यात. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना शिकवायचं, औषध नंतर, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमचा मुलगा सातचा आहे. एडीएचडीचं निदान पक्कं झालं आणि त्याचं शिकणं, मैत्री अडत असेल, तर औषध हा चांगला मार्ग आहे, हरल्याची खूण नाही. ज्या मुलांना त्याची गरज असते त्यांना मिळालं नाही की मला हळहळ वाटते. पण आज तुम्ही त्या पायरीवर नाही.

राहिला दुसऱ्या बाळाचा प्रश्न. हवं असेल तर जरूर विचार करा. भीतीपोटी ‘नको’ म्हणू नका आणि सासूबाईंसाठी ‘हो’ही म्हणू नका. जमलं तर त्याआधी सहा महिने तुमच्या चिंतेवर उपचार घ्या. दिवस राहिल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा की आधी एक गर्भपात झाला आहे, मागच्या गर्भारपणात फार भीती वाटायची, आणि हे केसपेपरवर लिहून घ्या असं म्हणा. एडिंबरा प्रश्नावली नावाची, बाळंतपणाच्या काळातली उदासी ओळखायची, दहा प्रश्नांची एक चाचणी १९८७ पासून जगभर वापरतात. तिच्यातले तीन प्रश्न चिंतेचे आहेत, भरायला पाच मिनिटं लागतात. ती दर तीन महिन्यांनी भरून घ्या. चालू असलेली गोळी दिवस राहिल्याचं कळताच परस्पर थांबवू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. आणि पहिल्या भेटीला मिस्टरांना सोबत न्या. मागच्या वेळी रात्री तीनला तुम्ही पोटावर हात ठेवून जाग्या बसायचात, हे त्यांनाही डॉक्टरांसमोर ऐकू द्या.